फोनवरची सुईण

हसनाबादहून निघाले त्या दिवशी गाडीच्या डिकीत दोन बॅगा होत्या आणि दारात सगळा गोतावळा. आईनं हातावर दहीसाखर ठेवली आणि खिडकीत वाकून एवढंच म्हणाली, "बाळंतपणाला इकडंच ये. पहिलटकरणीनं माहेरलाच यायचं असतं. मी हाय ना." लग्नाला महिनाही झाला नव्हता. शेजारी बसलेला नवरा, प्रसाद, उगाच काचेबाहेर बघत होता. मी "हो" म्हटलं, कारण गाडी सुटताना माणूस कशालाही हो म्हणतो.

ते काही जमलं नाही. दिवस भरत आले तसं माझं बीपी वाढलं आणि डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला. आईचा व्हिसा नाकारला गेला. मुलगी इथं कॅनडात, कॅलगरीतच झाली. बाहेर बर्फ, आत मी आणि ती, आणि सुट्टी संपल्यावर लॅपटॉप उघडून बसलेला प्रसाद. "मी हेल्प करतो ना," असं तो सारखं म्हणायचा. स्वतःच्या पोरीला घेण्याला हेल्प म्हणतात, हे ज्ञान मला परदेशात येऊन मिळालं.

माहेर मात्र रोज फोनवर हजर. माझी सकाळ, त्यांची संध्याकाळ. आई, आत्या, दादा, वहिनी असे सगळे फोन टीव्हीला टेकवून समोर चहा घेऊन बसायचे. पहिलं वाक्य ठरलेलं, "बाळ दाखव." मग मी टाके सांभाळत पाळण्यावर फोन धरून उभी. नाक कुणावर गेलं, रंग उजळेल का, यावर सभा भरायची. माझ्या वाट्याला फक्त हुकूम यायचे. कान बांध. गार खाऊ नको. पाणी जास्त पिऊ नको, पोट सुटतं. आणि मी, चांगली शिकलेली बाई, घोट घोट पाणी पिऊन दूध का येत नाही म्हणून रडायचे.

इकडच्या आपल्या लोकांचंही सांगते, म्हणजे त्यांना वाईट वाटायला नको. मंडळातल्या चौघी डबाभर शिरा घेऊन आल्या. बाळासोबत फोटो काढले आणि चहा मागितला. मी केला. कप तिथंच टाकून गेल्या. संध्याकाळी त्या फोटोखाली लिहिलं होतं, 'परदेशातली आपली माणसं'. सिंकमधले कप मात्र कुणाच्या फोटोत आले नाहीत.

एका सकाळी मुलगी रडत होती आणि मला वाटलं, दार उघडावं आणि बर्फात चालत सुटावं. हिचं काय व्हायचं ते होईल. मी हे प्रसादला सांगितलं. त्यानं लॅपटॉप मिटला आणि ऑफिसातल्या कुणीतरी दिलेला एक नंबर लावला. ती डूला होती, म्हणजे बाळंतपणानंतर बाळापेक्षा आईला सांभाळणारी बाई. ही नाशिकला बसून व्हिडिओ कॉलवर सांभाळायची. नाव शैलजा.

मी सवयीनं फोन पाळण्यावर धरला. ती म्हणाली, "बाळ नंतर बघू. आधी फोन स्वतःकडं फिरवा. आज काही खाल्लंत का? पाणी प्यायलात?"

मी फोन फिरवला. इतक्या दिवसांत, इतक्या माणसांत, हे कुणी विचारलंच नव्हतं.

जादू वगैरे काही केली नाही तिनं. प्रसादला पाण्याचा जग माझ्या हाताशी ठेवायला लावला. उशी कुठं घ्यायची, बाळानं तोंड मोठं उघडल्यावर कसं जवळ घ्यायचं, ते बघत बघत सांगितलं. दाराचं आणि बर्फाचं ऐकल्यावर तिचा आवाज बदलला. "हे नुसतं थकणं नाही, आणि हे माझ्या हातातलंही नाही. आजच डॉक्टरकडं जायचं. तुमचे मिस्टर फोन लावतील, तोवर मी इथंच आहे." आणि ती थांबली. औषधं सुरू झाली. पुढं ती ठरल्या वेळी बोलायची, प्रसादलाही कामाला लावायची. पोरीची अंघोळ त्याच्याकडं गेली आणि घरातून हेल्प हा शब्दही गेला.

घरी कळलं तेव्हा आत्या हसली. "फोनवर कुठं बाळंतपण होतं का? फोनवर तहान भागती का कुणाची? फुकटचा खर्चा. घरात एवढे माणसं असून परकी बाई लागती हिला." ती एवढी माणसंही फोनवरच होती, हे तिला कोण सांगणार? आई तेवढी म्हणाली, "मंग मी कशाला हाय?" ते मला लागलं.

यंदा वहिनी बाळंत झाली. तिला माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण हसनाबादलाच. दादानं हौसेनं फोन लावला आणि पाळण्यावर धरला. "बघ, नाक आपलंच हाय."

"दादा, फोन वहिनीकडं फिरव."

"तिच्याकडं काय बघायचं? पडून राह्यली ती."

"फिरव म्हणते ना."

फोन फिरला. कान बांधलेले, ओठ कोरडे पडलेले. मी विचारलं, "वहिनी, पाणी प्यालीस का?" तिनं आधी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. "लई तहान लागली, ताई. देत न्हाईत."

"पोट सुटंल तिचं," आत्याचा आवाज आला.

"राहू द्या, वन्सं," आई म्हणाली आणि स्वतः उठली.

दादानं फोन उशाशी टाकला असावा, कारण मला नुसतं छत दिसत होतं. तांब्याचा आवाज आला. मग आईचा, "सावकाश पी. अजून हाय." मग एक घोट, दुसरा, पुढं मोजायचं सुचलंच नाही.

घर कुठलं, असं इथं कुणी विचारलं की मी हसनाबाद सांगायचे, फॉर्मवर लिहावं तसं. त्या दिवशी मी कितीतरी वेळ ते छत बघत बसले. बाळ मला कुणी दाखवलंच नाही, आणि गाव सोडल्यापासून पहिल्यांदा मला घरी गेल्यासारखं वाटलं.