तोंडावर बोट

दापोड्याच्या एका गोदामात एक गृहस्थ ड्रमऐवजी गरम हवेवर कॉफीच्या बिया भाजतात. "ड्रममंदी दाना लोखंडाला टेकून करपतो, हवेत नुसता नाचतो," एवढंच त्यांचं शास्त्र. गिऱ्हाइकं त्या कॉफीत संत्र्यापासून चॉकलेटपर्यंत काय काय हुंगतात. हे स्वतः चहा पितात.

मशीन एवढं घोंघावतं, तरी दाणा तडकल्याचा, म्हणजे भाजून झाल्याचा, आवाज ते बरोबर टिपतात. वीस वर्षं कापडाच्या लूमच्या खडखडाटात काढलेले कान ते!

जावई येणार म्हणून मी अर्धा किलो घ्यायला गेलो आणि नेहमीप्रमाणे त्यांनाच कॉफीचं ज्ञान पाजू लागलो. माझ्या बडबडीत त्यांना तडतड ऐकूच आली नाही, दाणे काळे पडले.

"चालेल हो," मी म्हणालो.

"जावयाला न्हाय चालायचं." त्यांनी सगळे दाणे बाजूला ओतले, नवे घातले. "आता तोंडावर बोट ठेवा, भाऊ."

पन्नाशी उलटलेला मी दहा मिनिटं तसाच उभा.

घरी जावयाने दोन कप घेतले. "बाबा, इतकी छान भाजली कशी?"

"मी गप्प बसलो म्हणून."

आमच्या हिला कॉफी आवडली. मी गप्प बसलो, हे मात्र अजून पटलेलं नाही.