भाऊजींच्या वाट्याचा वेळ

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाला मिक्सर चालवून दाखवत होतो. त्या घरघरीत भाच्याचा, निखिलचा, आवाज नीट ऐकू येईना, म्हणून बटण बंद केलं आणि मग मात्र एकेक शब्द स्वच्छ ऐकू आला. ‘‘मामा, आई गेली. ऑफिसातच...’’ अमरावतीला ज्या कॉलेजच्या लायब्ररीत ती नोकरीला होती, तिथंच खुर्चीत बसल्या बसल्या तिचं हृदय थांबलं होतं. तो पुण्याहून निघाला होता. मीही गाडी काढली. मूर्तिजापूर मागं पडलं तरी माझ्या डोक्यात ताईपेक्षा भाऊजीच जास्त होते. आता त्यांचं बोलणं कोण ऐकणार, या विचारानं मला पहिलं रडू आलं. असं का, हे सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

माझी थोरली बहीण निर्मला मुळातच उरकाची बाई. तिच्या घरात बैठकीतून स्वयंपाकघरात रिकाम्या हातानं जायची कुणाला सोय नव्हती. जाताना एखादा कप तरी उचलायचाच. कुकरमध्ये एकावर एक डबे चढवून वरण, भात आणि भाजीचे बटाटे एकदमच शिजायचे. रविवारी लसूण सोलून, शेंगदाण्याचं कूट करून, आठवड्याच्या साड्यांना इस्त्री मारून ठेवलेली. किल्ल्या, चष्मा, पर्स दाराजवळच्या खुंटीवर. भाजी, किराणा, दळण हे सगळं ऑटोच्या एकाच फेरीत. नातेवाइकांत तिला ‘मशीन’ म्हणायचे. हळदीकुंकवाला गेली की वाण घेऊन पाचव्या मिनिटाला चपला घालायची, त्यामुळे ‘फार शिष्ट आहे बाई’ असाही शेरा मिळायचा. तिनं तो कधी मनावर घेतला नाही. मनावर घ्यायलाही वेळ लागतो, असं बहुधा तिचं गणित असावं.

माझं दुकान घरगुती विजेच्या सामानाचं, त्यामुळे बाजारात नवीन काही आलं की पहिलं ताईकडं. गिझर आपोआप बंद करणारा टायमर तिला इतका आवडला की शेजारणींसाठीही मागवून घेतला. भाजी कापायचं यंत्र मात्र दुसऱ्याच रविवारी खोक्यासकट माझ्या गाडीत परत आलं. ‘‘कांदा चुटकीत कापते, पन मंग धुवाले अर्धा घंटा. घेऊन जाय वापस.’’ पोळ्या करायच्या मशीनची पोळी तिनं दोन बोटांत धरून मला दाखवली आणि म्हणाली, ‘‘हे तुह्या बायकोले खाऊ घाल.’’ माझ्या दुकानातल्या निम्म्या मालावर तिचा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिनं नापास केलेला माल नंतर माझ्याकडं पडूनच राहिला.

भाऊजी म्हणजे तिच्या अगदी उलट. वसंतराव साड्यांच्या दुकानात सेल्समन होते. बोलायला लागले की समोरचा चहा गार व्हायचा, त्यावर साय धरायची, तरी यांचं चालूच. एक साडी घ्यायला आलेली बाई तीन घेऊन जायची आणि वर घरची सगळी हकिगत यांना सांगून जायची. त्या माणसाला अर्धांगवायूचा झटका आला. पाय काही महिन्यांत सावरला, पण वाचा गेली. समजायचं सगळं; शब्द तेवढा ओठाशी येऊन अडकायचा. बोलणं शिकवणाऱ्या मॅडमनी ताईला एवढंच सांगितलं, की यांच्या तोंडात शब्द घालू नका, थांबा. कुणी थांबलं नाही तर हे प्रयत्नच सोडून देतील आणि मग कायमचे मुके होतील. ताईची नोकरी सोडायची सोय नव्हती. मग तिनं आपल्या दिवसाचा असा काही कीस काढला, की संध्याकाळी चहानंतर एक अख्खा तास मोकळा निघाला. तो भाऊजींचा. टीव्ही बंद, तिचा मोबाइल आत फ्रिजवर, आणि दोघं समोरासमोर खुर्च्या टाकून बसलेली.

एकदा मी त्या तासात जाऊन पडलो. भाऊजी मला काही सांगत होते. ‘‘प... प...’’ मी म्हटलं, पाणी? मग पंखा लावायला उठलो. ताईनं माझा हात दाबून मला खाली बसवलं. आयुष्यभर दूध उतू जायच्या आधी गॅस बंद करणारी ही बाई, पण त्या खुर्चीत अशी बसली होती की जणू जगात दुसरं कामच नाही. माझी चुळबुळ चाललेली. घामाघूम होत भाऊजींनी शेवटी शब्द काढला, ‘‘पदर.’’ आणि माझ्या बायकोनं दिवाळीत नेसलेल्या साडीच्या पदराची त्यांनी तुकड्या-तुकड्यानं तारीफ केली. ताई हसून लोटपोट झाली. भाऊजीही हसले. झटक्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मी पडलो दुकानदार. पुढच्या खेपेला एक टॅब घेऊन गेलो. चित्रावर बोट ठेवलं की तो ‘पाणी हवं’, ‘भूक लागली’ असं बोलायचा. मला वाटलं, ताई खूश होईल. ती तापलीच. ‘‘अरुण, माहा टाइम वाचव, लागन तेवढा वाचव. पन तुह्या भाऊजीचा नोको वाचवू. यायचा टाइम वाचला का यायची जीभ गेली, समज.’’ मी म्हटलं, ‘‘अगं, तू ऑफिसात असताना यांना काही लागलं तर?’’ मग तिनं टॅब ठेवून घेतला, पण फक्त दिवसापुरता. ऑफिसातून आली की आधी तो कपाटात जायचा, मग चहाचं आधण. अशी काही वर्षं गेली. भाऊजी हळूहळू दोन-तीन शब्दांचं वाक्य बोलू लागले. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन स्वतः दूध मागून आणू लागले... ताईची सगळी कमाई ती एवढी.

ती कमाई तेरवीपर्यंत उडून जाते की काय, असं मला डोळ्यांदेखत दिसायला लागलं. भेटायला येणारे सगळे मायेचे, पण घाईचे. भाऊजींनी तोंड उघडलं की कुणीतरी पाणी आणायचं, कुणी ‘‘नका बोलू, त्रास होते’’ म्हणायचं, कुणी त्यांचं वाक्य पुरं करून टाकायचं. तीन-चार दिवसांनी त्यांनी तोंड उघडणंच सोडलं. नुसती मान हलवायचे. तेरवीच्या जेवणानंतर पुण्याला न्यायचं ठरलं. निखिल गुणी पोरगा. दिवसभराला माणूस ठेवणार होता, खोली तयार केली होती. ‘‘बाबा, येता ना पुण्याले?’’ त्यानं विचारलं आणि लगेच आम्हाला सांगितलं, ‘‘येतात.’’ मी म्हटलं, ‘‘थांब. त्यायले बोलू दे.’’

भाऊजींचे ओठ हलू लागले. कुणी खाकरलं, कुणी ‘‘त्यायले म्हनाचं हाये का...’’ सुरू केलं, त्यांना मी हातानं थांबवलं. माझी स्वतःची जीभ दाताखाली धरून ठेवली होती. ताई रोज हे कसं करत असेल, देव जाणे. बऱ्याच वेळानं आवाज आला, ‘‘अ... अकोला.’’ मग माझ्याकडं बोट करून, ‘‘दु... दुकान.’’ निखिल डोळे पुसत त्यांच्या पायाशी जाऊन बसला. ‘‘जा बाबा,’’ म्हणाला, ‘‘मी येत जाईन.’’

भाऊजी आता आमच्याकडं असतात आणि दुपारी दुकानात माझ्या शेजारी बसतात. पहिले काही दिवस ते गिऱ्हाइकाकडं नुसते बघत राहिले. कुणाला थांबायला सांगायचं मला जमत नव्हतं. धंद्यात गिऱ्हाइकाला थांबवणं म्हणजे पाप. मागच्या आठवड्यात एक बाई आल्या, पोराच्या क्लासची सुटी व्हायच्या आत घरी जायचं म्हणून घाईत. मिक्सर हवा होता. मी फळीवर हात घालतोय तोच भाऊजी म्हणाले, ‘‘घ... घ...’’ बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी फळीवरचा हात मागं घेतला. त्यांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा भाऊजींकडं पाहिलं, मग पिशवी खाली ठेवून स्टूल ओढलं आणि बसल्या. ‘‘सांगा काका, हळू सांगा. मले टाइम हाये.’’

‘‘घरी... मा... मानसं... किती?’’

‘‘चार हो काका,’’ बाई म्हणाल्या आणि सासऱ्यांच्या पथ्यापासून पोराच्या खाण्याच्या तक्रारींपर्यंत सगळं सांगू लागल्या. भाऊजी पुढं झुकून ऐकत होते. मी गोदामात जाऊन उभा राहिलो, कारण गिऱ्हाइकासमोर दुकानदारानं रडू नये. हे ऐकायला ताई हवी होती.