काढायची राहिलेली नळी

आमच्या धंद्यातले किस्से जेवताना सांगता येत नाहीत, बायकांसमोर तर नाहीच नाही! मग ते साठतात. मी मालवणात मूत्ररोगांचा डॉक्टर, त्यामुळे माझ्याकडे साठा भरपूर!

* * *

एक आजी आली. "ह्यांका रात्री चार-चारदा उठूचा लागता."

"हे खंय आसत?"

"भायर रिक्षात. लाजतत."

प्रोस्टेटसाठी त्यांच्या रक्ताची तपासणी करावी लागेल, म्हटलं. आजी विचारात पडली आणि बाही वर सारून म्हणाली, "माझा घेतलास तर चलात काय? आमचा जेवाण एकच आसता!"

आजोबा शेवटपर्यंत रिक्षातून उतरले नाहीत.

* * *

शहरात शिकलेला एक ज्युनिअर रुजू झाला. पहिल्याच दिवशी विचारतो, "सर, ऑपरेशनचा रोबोट कुठाय?"

म्हटलं, "तुझ्यासमोर उभा आहे! ओपीडी, ऑपरेशन, जनरेटर, सगळं एकटाच बघतो."

हसला बिचारा. पण पावसाळ्याआधीच गेला. ती जागा अजून रिकामी आहे.

* * *

सुलभा बाजारात मासे विकते. खड्यांनी तिची एक किडनी आधीच वाया गेलेली, दुसरीतही खडे. ही गेली तर संपलंच! मी दटावलं, "दिवसभर पाणी पी गो!"

"पियान, डॉक्टरानू. पण मगे मुताक खंय जावचा? बाजारातल्या संडासाक कुलूप."

मी गोळ्या लिहून दिल्या.

* * *

पुढे खडा अडकला. ऑपरेशन करून काढला आणि लघवी वाहती राहावी म्हणून आत तात्पुरती नळी ठेवली. दीड महिन्यात काढायलाच हवी, नाहीतर नळीवरच खडे धरतात. दहादा बजावलं. सुलभा आलीच नाही! फोन केला की, "बाजार सुटलो की येतंय."

शेवटी मीच बाजारात गेलो. सुरमई कापता कापता म्हणाली, "नळी घातल्यापासून दुखना नाय. काढलात आणि परत दुखूक लागला तर? म्हणान देवळात कौल लावलंय. देव नको म्हणता."

म्हटलं, "देवाक एक्स-रे दाखवलंस?"

शेजारच्या बायका खो खो हसल्या. मी मात्र रडकुंडीला आलो होतो.

* * *

दोन वर्षांनी आली ती सुजलेल्या तोंडाने. नळीवर खड्यांचा हा जाड थर! फोडून फोडून नळी काढली, पण किडनी गेली ती गेलीच. आता तिला डायलिसिस लागतं, आयुष्यभर. माझं डोकंच फिरलं. नळी तिच्यासमोर धरून ओरडलो, "बघ! हिच्यापायी जीवावर बेतला तुझ्या!"

तिने नळी नीट निरखून बघितली.

"टाकू नकात हां, डॉक्टरानू. धुवन माझ्या सुनेक घाला. आता बाजारात माझ्या जागेर ती बसता, तिका पण दुखूक लागला."