फूटपट्टीसाहेबांच्या चार मोकळ्या जागा

आमच्या संगणक विभागाचे प्रमुख प्रोग्राम वाचायच्या आधी मोजायचे. छापलेला लांबलचक कागद टेबलावर पसरायचा, त्यावर प्लास्टिकची पारदर्शक पट्टी उभी धरायची आणि कुठली ओळ डावीकडून किती आत सुरू झाली आहे ते तपासायचं. ओळ रेषेत नसली की लाल पेन्सिलीची खूण. ऑफिसातले मराठी लोक त्यांना फूटपट्टी म्हणत. मीही म्हणायचो, आणि त्यात आदर नव्हता.

१९९० च्या सुरुवातीला मी नाशिकहून कुवेतला गेलो. राहायला फरवानियात, ऑफिस कुवेत सिटीत. कंपनी औषधं आयात करून दवाखान्यांना पुरवायची आणि मी त्या साठ्याचे प्रोग्राम लिहायचो. पहिल्याच दिवशी फूटपट्टी माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"टॅबची कळ दाबलीस?"

"हो सर. ओळ आत घ्यायला."

"ऊठ जरा."

माझ्या खुर्चीत बसून त्यांनी प्रोग्राम लिहायच्या एडिटरची सेटिंग बदलली. आता टॅब दाबला की चार मोकळ्या जागा पडणार होत्या. "टॅब म्हणजे नुसतं 'पुढे सरक'," ते म्हणाले. "किती सरकायचं ते प्रत्येक मशीन आपल्या मनाने ठरवतं. मोकळी जागा सगळीकडे सारखीच. आपलं काम दुसऱ्याच्या मर्जीवर सोडू नये."

शुक्रवारी ते मला हवल्लीत घरी जेवायला बोलवायचे. तिथे ऑफिसचा विषय वर्ज्य. काकू पुन्हा पुन्हा वाढायच्या आणि ते "अजून अर्धी पोळी घे, घरी कोण करून घालणार आहे तुला?" एवढंच म्हणायचे. त्या पोळ्या खाऊनही मी त्यांची नक्कल करून चार लोकांना हसवत असे.

जूनमध्ये एक काम घाईचं होतं. ओळ मागेपुढे करायला चार जागा एकेक करून खोडण्यापेक्षा एक टॅब खोडणं सोपं, म्हणून मी सेटिंग गुपचूप पूर्ववत केली. माझ्या पडद्यावर सगळं सरळ दिसत होतं. पण प्रोग्राम वाचणारं मशीन टॅब दुप्पट रुंद धरायचं आणि बहात्तराव्या रकान्यापुढचं, म्हणजे ओळीतल्या बहात्तराव्या अक्षरानंतरचं, काही वाचायचंच नाही. मुदत संपायला १८० दिवसांहून कमी राहिलेली औषधं वेगळी काढायची होती. ओळ उजवीकडे सरकली, शेवटचं शून्य रकान्याबाहेर गेलं आणि १८० चे १८ झाले. मशीनने तक्रारही केली नाही. महिना-दीड महिन्यात मुदत संपणारी खोकी एका दवाखान्यात गेली. त्यांनी सगळा माल परत पाठवला आणि आमच्याकडून घेणं बंद केलं.

मॅनेजरने आम्हाला बोलावलं. मी तोंड उघडायच्या आत फूटपट्टी म्हणाले, "तपासणी माझी होती. चूक माझी." बाहेर आल्यावर त्यांनी माझी सेटिंग परत चार जागांवर आणली आणि आपल्या टेबलाकडे गेले. मला हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती.

ऑगस्टमध्ये इराकी फौजा शहरात शिरल्या. ऑफिसं बंद, दुकानं फुटलेली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फूटपट्टी गाडी काढून ऑफिसात गेले आणि आमचे सगळे प्रोग्राम असलेली टेप घेऊन आले. काकूंनी ती पिठाच्या डब्यात तळाशी दडवली. "कंपनीसाठी कशाला जीव धोक्यात घालता, सर?" मी विचारलं. "कंपनीचं जाऊ दे. आपण केलेलं काम आहे ते," ते म्हणाले. मग टेप घेऊन आम्ही तिघं निघालो: बगदादमार्गे जॉर्डनच्या सरहद्दीपर्यंत बसने, मग वाळवंटातल्या तंबूत अकरा दिवस, मग मुंबईचं विमान. तंबूत पाण्याच्या रांगेत ते माझ्यासाठीही उभे राहायचे, कारण मी तापाने पडलो होतो.

एक्याण्णवमध्ये युद्ध संपलं आणि मॅनेजर माणसं जमवायला मुंबईत आला. त्याने हॉटेलच्या खोलीत आम्हा दोघांना बोलावलं. फूटपट्टींनी रुमालात बांधलेली टेप त्याच्या हातात दिली. त्याने आभार मानले आणि मला म्हणाला, "डिपार्टमेंट अब तुम संभालोगे." मग त्यांच्याकडे वळून, अगदी मऊ आवाजात, "आपकी उम्र हो गई है. और वो दवाइयोंवाली गलती मालिक भूले नहीं हैं."

फूटपट्टींनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. मी खाली गालिच्याकडे बघत राहिलो. "ठीक आहे," ते मराठीत म्हणाले, मॅनेजरला ते कळलं नाही, आणि निघून गेले.

मी कुवेतला परतलो. त्या टेपवरच विभाग पुन्हा उभा राहिला आणि कौतुक माझं झालं. त्यांना पत्र लिहायला घ्यायचो आणि 'ती. सर' यापुढे जात नसे. चार वर्षांनी ते गेल्याचं कळलं. सुट्टीत मी पुण्याला त्यांच्या घरी गेलो.

काकूंनी चहा दिला. मी सांगून टाकलं, "काकू, ती चूक माझी होती."

"माहीत आहे. त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं मला."

"माझ्याबद्दल काही बोलायचे का?"

"मुंबईहून आले त्या दिवशी म्हणाले, आज बोलेल असं वाटलं होतं. नंतर तुझं नाव निघालं की उठून आत जायचे."

त्यांनी माझ्या हातातला कप घेतला. अजून अर्धा भरलेला होता.

"ये आता," त्या म्हणाल्या. "मी दुपारची पडते जरा."