तास संपल्यावरचा फळा

आमचे हे कॉलेजात गणित शिकवतात. तास संपले की बाकीचे मास्तर घराकडे वळायचे आणि हे फळा पुसून पुन्हा खडू उचलायचे. गणितात गटांगळ्या खाणारी पोरं तेव्हा समोर बसायची. घरी यायला अंधार व्हायचा.

"अहो, तिथेच अंथरूण टाका की," मी म्हणायचे.

"फळ्यावर डोकं ठेवून झोप येत नाही गं," म्हणत हे खडूच्या हातांनीच ताटावर बसायचे.

यंदा व्यवस्थापनाने शिक्षकांवर देखरेख ठेवायला नवे साहेब नेमले. दारावर अंगठ्याचं यंत्र लागलं. उशिरा येणाऱ्यांना पकडायला असेल, असं आम्हाला वाटलं. साहेबांनी यांना बोलावलं ते उशिरा जाण्याबद्दल.

"सर, तुमचं काम वेळेत उरकत नाही का?"

"उरकतं की. नंतर कच्च्या मुलांना घेऊन बसतो."

"ते तुमच्या कामात कुठे बसतं?"

मग वेळेचं नियोजन शिकायला यांनाच प्रशिक्षणाला धाडलं. परतल्यावर स्टाफरूममध्ये एकजण म्हणाला, "काय मास्तर, नापासांना शिकवता शिकवता तुम्हीच नापास?" हे तिथे हसले म्हणे. मला सांगताना हसले नाहीत.

आता उजेडीच घरी येतात. चहा घेतात, खिडकीशी बसून राहतात. मी जपाला बसते, पण लक्ष यांच्याकडेच. देवाकडे मागू तरी काय? साहेबाला बुद्धी दे म्हणावं, तर तो माणूसही वाईट नाही. यांच्याशी अदबीनेच बोलतो.

काल संध्याकाळी यांची एक विद्यार्थिनी दारात आली. फेरपरीक्षा तोंडावर आलेली.

"काकू, सर आहेत?"

मी आत गेले, तर हे हळूच म्हणाले, "नाहीत म्हणून सांग. उद्या कोणी म्हणेल, घरी शिकवणी घेतो."

माझ्याच्याने खोटं बोलवेना. "आहेत गं," मी तिला म्हटलं, "पण घरी शिकवायची चोरी झालीय त्यांना. वर्गात विचार ना."

"विचारलं, काकू. सर म्हणाले, पुस्तकात आहे, वाच."

हे आतून ऐकत होते. बाहेर आले नाहीत. मला देण्यासारखं पाणीच होतं, ते दिलं. तिने पिऊन भांडं माझ्या हातात ठेवलं, क्षणभर आतल्या दाराकडे पाहिलं आणि जिना उतरली.

रात्री हे ताटावर बसले, तेव्हा हातांना खडू नव्हता.