अकरा जणांचा दम

थकवा म्हणजे काय, हे साऱ्या हिंगोलीत एकट्या आमच्या आतोबांनाच कळलं होतं. बाकीचे आम्ही नुसतेच दमत होतो. आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. मी हट्टा गावाहून त्यांच्या घरी राहायला आलो तेव्हा ते गावातल्या जिनमध्ये कापसाच्या वजनकाट्यावर कारकून होते. डोक्याला रुमाल, अंगात बाराबंदी, आणि समोर येईल त्याच्या आधी पायांकडे आणि मग जमलं तर तोंडाकडे बघायची सवय. एकदा गावात नवे मुन्सफ आले. सारी हिंगोली त्यांना सलाम करायला गेली, आतोबाही गेले. परत आल्यावर आत्यानं विचारलं, "कसे काय हाईत साहेब?" आतोबा म्हणाले, "माणूस चांगला हाय, पण उजव्या पायावर भार देऊन राहिला. डाव्या गुडघ्यात काही तरी हाय." त्यांचा चेहरा गोरा की काळा, मिशी होती की नव्हती, हे आतोबांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

जिनच्या शेठजींना हॉकीचं वेड होतं. गोऱ्यांची छावणी हिंगोलीतून केव्हाच उठली होती, पण मैदान मागं राहिलं आणि खेळही राहिला. शेठजींनी बारा-तेरा तरणी पोरं पगारावर ठेवली. हजेरीपटावर कुणी गाठी बांधणारा होता, कुणी सरकी भरणारा. खरं काम एकच, दोन्ही वेळा मैदानावर जाणं. मी डाव्या बाजूचा हाफ होतो. खेळ आम्हाला येत होता, पण अर्धा खेळ झाला की आमच्या माना खाली जायच्या आणि बाहेरगावची टीम येऊन गोल करून जायची. आमचा दम वाढवायला कोण आणावं, याचा शेठजींनी बराच विचार केला आणि काट्यावरच्या आतोबांना बोलावलं.

आतोबांनी जन्मात हॉकीची काठी धरली नव्हती. पण तरुणपणी सेनगावकडं ते शंकरपटाच्या बैलजोड्या तयार करायचे. पटात पळणारा बैल पाहून तो कुठवर टिकेल हे सांगण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. शेठजी म्हणाले, "चार पायांचं तुम्हाला जमतं, मग दोन पायांचं अवघड काय?" आतोबांनी हिशेब केला असावा, की पाय निम्मेच आहेत. ते हो म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आमचे बैल झाले. पहाटे ओळीनं उभं करून आतोबा आमच्या खालच्या पापण्या ओढून पाहायचे, कानाच्या पाळीला हात लावायचे, पोटरी दाबायचे. मग कयाधू नदीच्या वाळूतून पळवायचे. पळून आलो की बरगडीवर तळवा ठेवून डोळे मिटून उभे राहायचे. तो तळवा उचलेपर्यंत बोलायची बंदी. "मला काही झालं न्हाई आतोबा," असं कुणी म्हणालंच तर ते म्हणायचे, "बैल बोलत न्हाई म्हणून त्याच्याकडं पाहावं लागतं. तुमी बोलता, म्हणून तुमच्याकडं दुप्पट पाहावं लागतं." खाण्याला भिजवलेले हरभरे, गूळ आणि जवसाची चटणी. चहा बंद. दुपारी जिनच्या गोदामात कापसाच्या ढिगावर सक्तीची झोप. आमचा गोलकीपर त्या ढिगात इतका खोल गेला की संध्याकाळी तो सापडेना. सापडला तेव्हा केसांत, भुवयांत, मिशीत कापूस भरलेला, एकदम सत्तरीचा दिसत होता. आतोबांनी त्याच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि समाधानानं म्हणाले, "व्हय, आता झोप झाली."

बुधवार पूर्ण सुट्टीचा. त्या दिवशी काठीला हात लावायचा नाही, पळायचं नाही, भराभर चालायचंसुद्धा नाही. एका बुधवारी माझ्यामागं कुत्रं लागलं आणि मी पळालो. आतोबांनी दुरून पाहिलं आणि ओरडले, "काहून पळून राहिला रे? उद्याचं आजच संपवतो का?" कुत्र्याला त्यांनी काही म्हटलं नाही.

एका सामन्याआधी त्यांनी आम्हाला हातापायांना तिळाचं तेल चोळायला लावलं. पाचव्या मिनिटाला आमच्या एका खेळाडूच्या हातातून काठी निसटली आणि गरगरत जाऊन तहसीलदारसाहेबांच्या खुर्चीपुढं पडली. साहेब उठून उभे राहिले, मागचे सगळे उठून उभे राहिले. आतोबा एवढंच पुटपुटले, "हात पुसायचं सांगायचं राह्यलं." खेळाचे नियम त्यांना कधी समजले नाहीत. ऑफसाइड म्हणजे पंचांचा काही तरी खासगी राग आहे, असं ते धरून चालायचे. आम्ही गोल केला की सारं मैदान नाचायचं आणि आतोबा मान हलवायचे, "गोल झाला ते बराबर हाय, पण त्या लेकराचं पोट पाहा कसं भात्यावाणी हलून राहिलं." आत्या म्हणायची, "माझी कंबर मोडली तरी यांना दिसत न्हाई, अन् कुणाची पोटरी फडफडली तर यांचं जेवण जात न्हाई."

पण खोटं कशाला बोलू, वर्षभरात आमच्या माना वर राहू लागल्या. शेवटच्या दहा मिनिटांत दुसऱ्या टीमा मरगळायच्या आणि आम्ही गोल करायचो. त्यातही सत्तार. सत्तार आमचा सेंटर फॉरवर्ड, टांगेवाल्याचा मुलगा, एकोणीस वर्षांचा. चेंडू त्याच्या काठीला चिकटल्यासारखा असायचा. आतोबांचा त्याच्यावर जीव होता, त्यामुळं सगळ्यात जास्त बोलणी तोच खायचा.

उन्हाळ्यात परभणीला सामने ठरले. पहिल्या दिवशी एक खेळलो, दुसऱ्या दिवशी दोन, आणि तिसऱ्या दिवशी शेवटचा. परभणीचं ऊन काय सांगावं, काठीची मूठ सावलीतसुद्धा तापायची. आम्ही धर्मशाळेत उतरलो होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी आतोबांनी पापण्या, कान, बरगड्या सगळं पाहिलं. सत्तारपाशी ते फार वेळ थांबले.

"कसं वाटून राहिलं?"

"एकदम ठीक, आतोबा."

"अंगाला घाम काहून न्हाई तुझ्या?"

"अभी तो नहाया मैं."

"आंघोळ केली तर अंग गार पाह्यजे. तापून राहिलंय." आतोबांनी त्याला बूट घालायला सांगितले. सत्तार एरवी उभ्यानं, एका पायावर, गाणं म्हणत बूट बांधायचा. त्या दिवशी तो खाली बसला, नाडी हातात घेतली आणि क्षणभर तसाच बसून राहिला. आतोबा म्हणाले, "आज तू खेळायचं न्हाई."

सत्तार हसला. त्याला वाटलं, थट्टा आहे. मग तो चिडला, मग हात जोडू लागला. आम्हीही मध्ये पडलो. शेवटचा सामना, आणि सत्तारशिवाय? तेवढ्यात शेठजी पाहुण्यांना घेऊन मोटारीतून उतरले. आतोबांचा निकाल ऐकून त्यांचा चेहरा लाल झाला. "पोरगं स्वतः म्हणतंय मी ठीक आहे. तुम्ही कोण?"

आतोबांनी डोक्याचा रुमाल काढला, पुन्हा बांधला. मग खाली पाहत म्हणाले, "शेठजी, माझा हरण्या नावाचा बैल व्हता. पटात पळाला. त्याला घाम न्हवता त्या दिवशी, मला दिसलं व्हतं. लोक म्हणले, हाण. मी हाणला. पहिला आला शेठजी. येऊन तिथंच पडला. उठला न्हाई."

शेठजी चिडलेलेच होते, पण पाहुण्यांना घेऊन ते मैदानाकडं वळले. सत्तार मात्र ओरडला, "मैं बैल नहीं हूँ!" आणि बूट भिरकावून धर्मशाळेच्या आत गेला.

त्याच्या जागी आमचा राखीव गडी खेळला, जिवाच्या आकांतानं खेळला. आम्ही एका गोलनं हरलो. परत आलो तेव्हा सत्तार ओल्या चादरीखाली झोपलेला होता. आमचा सामना चालू असताना आतोबा त्याच्या उशाशी बसून कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवत होते, असं रखवालदारानं सांगितलं. सामन्याचा निकाल त्यांनी विचारलाच नाही. सत्तार दुसऱ्या दिवशी गाडीत बसेपर्यंत जवळजवळ झोपूनच होता. खेळला असता तर काय झालं असतं, हे कुणालाच माहीत नाही. कदाचित काहीच झालं नसतं आणि आम्ही जिंकलो असतो. सत्तारचं तरी हेच म्हणणं होतं. पूर्णा स्टेशनापर्यंत तो खिडकीबाहेर बघत बसला, आणि त्यानंतर आतोबांशी बोलला नाही.

शेठजींनी आतोबांना पुन्हा काट्यावर बसवलं. आमच्यावर एक पेन्शनर हवालदार आले. ते बुधवारीही पळवायचे आणि दमलो म्हटलं तर आणखी दोन चकरा द्यायचे. दिवाळीपर्यंत आमच्यातले चार जण लंगडत होते. आम्ही काट्यावरून गेलो की आतोबा सवयीनं आमच्या पायांकडं बघायचे, काही तरी बोलायला तोंड उघडायचे आणि मग मापाकडं वळायचे. घरी मात्र रोज सांगायचे, "सगळ्यांना दे," आणि भिजवलेल्या हरभऱ्यांचं फडकं माझ्या हातात ठेवायचे. मी ते मैदानावर नेत असे. सत्तारही मूठभर घ्यायचा. कुणी पाठवले हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पुढं हैदराबादच्या एका मोठ्या टीमनं सत्तारला बोलावून घेतलं. जायच्या दिवशी तो आमच्या घरी आला. आतोबा जवळा बाजार या गावी गेले होते. आत्यानं त्याला जेवायला वाढलं. तो बराच वेळ ओट्यावर थांबला, पण गाडीची वेळ झाली. उठताना तो मला म्हणाला, "आतोबांना सांग, परभणीला मी झूट बोललो. सकाळपासून मला सगळं धूसर दिसून राहिलं होतं. बूट की नाडी नजर नहीं आ रही थी."

दिवस कलताना आतोबा आले. मी निरोप सांगितला. त्यांनी पायांवर पाणी घेतलं, तोंड पुसलं आणि आत्याला विचारलं, "जेवला का पोटभर?"

"दोन भाकरी खाल्ल्या."

"दोनच?"

मग ते ओट्यावर येऊन बसले. पुढं निजामी गेली, जिन बंद पडली, टीममधली माणसं पांगली आणि सत्तारचं पत्र कधी आलं नाही. पण त्या संध्याकाळी आतोबा स्टेशनाच्या रस्त्याकडं तोंड करून बसले होते. गाडी केव्हाच गेली होती. बऱ्याच वेळानं, मला न सांगता, स्वतःशीच म्हणाले, "लई पळवतील रे तिकडं त्याला. कुणी पाहील का?"