शेवटच्या अंघोळीचे पैसे

सोव्हिएत उझबेकिस्तानातल्या मार्गिलान शहराच्या त्या मोहल्ल्यात होसियत खालाच्या हातचं कुणी खात नसे. लग्नाला तिला बोलावत, नाही असं नाही. पण तिचा पियाला वेगळा, तिची नान वेगळी, आणि ती उठून गेली की तिच्या जागेवरची गादी उन्हात टाकायची. कारण एवढंच, की मोहल्ल्यातली बाई मेली की तिला शेवटची अंघोळ घालायला होसियतच लागे. जिला जन्मभर लांब ठेवली तिच्याच हातात मेल्यावर अख्खा देह सोपवायचा, असला मोहल्ल्याचा शहाणपणा. होसियतला त्याचं वाईट वाटायचं आणि ते ती लपवायचीही नाही.

"माझ्याकडे बघून तोंड फिरवू नकोस गं," भर रस्त्यात ती एखादीला म्हणायची, "एक दिवस तुझं तोंड मीच फिरवणार आहे, मक्केकडे."

त्या बाईची मग आठवडाभर झोप उडायची.

तिची नोकरी रेशीम कारखान्यात, कोष उकळायच्या कढईवर; पेन्शन सुरू झाली तरी ती जायचीच. तीस वर्षं गरम पाण्यात हात घालून बोटं पांढरी पडलेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. मयताला अंघोळ घालायचं काम सासूने शिकवलं आणि होसियतने पहिली अंघोळ घातली ती सासूलाच. या कामाचा मान म्हणून मेलेल्या बाईच्या अंगावरचे कपडे तिला मिळायचे. खरं तर मान कसला, ते दुसरं कुणी घरात ठेवायलाच तयार नसायचं. फाटके होते ते तिने चिंध्यांत विकले. चांगले मात्र विकवेनात. चापान म्हणजे लांब मखमली अंगरखे, रेशमी झगे, लोकरीच्या बंड्या असं सगळं तिने आतल्या खोलीत दोरीवर टांगून ठेवलं होतं. दार उघडलं की वारा आत शिरायचा आणि सगळ्या बाह्या एकदम हलायच्या.

"बसा, बसा," होसियत त्या कपड्यांना म्हणायची. "कामाचं काही नाही. कोळसा न्यायला आलेय."

तिला घोर एकच होता. आपल्याला अंघोळ कोण घालणार? मोहल्ल्यातली एकही बाई हे काम शिकायला तयार नव्हती. होसियत मेली की दारातूनच हळहळणार आणि चादर गुंडाळून तशीच पुरून टाकणार, हे तिला दिसत होतं. म्हणून तिने शेजारच्या रिश्तान गावातली एक बाई ठरवून ठेवली होती. येण्याजाण्याची टॅक्सी आणि वर मेहनताना, सगळं आधीच बोलून घेतलेलं. "मेल्यावर भाव करायला मी थोडीच असणार," असं ती त्या बाईला म्हणाली होती. कारखान्यातून काही जास्तीचं मिळालं की ती त्याची पन्नासची नोट करून चहाच्या डब्यात टाकायची. मोठ्या नोटेला जागा कमी लागते.

मग एक्क्याण्णव सालचा जानेवारी आला. सकाळी ती चहा ओतत होती. भिंतीवरच्या रेडिओतला बाबा रोज कापसाचे आकडे सांगायचा. त्याच आवाजात तो म्हणाला, की पन्नासच्या आणि शंभरच्या नोटा मध्यरात्रीपासून बंद झाल्या आहेत. तीन दिवसांत बदलून घ्याव्यात. पेन्शनवाल्यांना दोनशे रुबलपर्यंतच बदलून मिळतील. त्यानंतर लगेच गाणं लागलं.

होसियत डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. आपण मेल्यावर आपल्या अंगाला हात कोण लावणार, हे मॉस्कोतल्या कुणीतरी रातोरात ठरवून टाकलं होतं. त्याला तर होसियत नावाची बाई जगात आहे हेही ठाऊक नव्हतं. तिला पहिल्यांदा राग आला, आणि मग भीती वाटली.

बचत बँकेसमोर बर्फात ती दिवसभर उभी राहिली. खिडकीतल्या मुलीने चार नोटा घेतल्या आणि उरलेली चळत परत सरकवली.

"हे माझ्या मयताचे आहेत गं पोरी."

"सगळ्यांचे कशाचे ना कशाचे आहेतच, आजी. पुढे सरका."

हाडापर्यंत गारठून होसियत घरी आली, तर दारात आठ-दहा बायका उभ्या. पुढे होती बशारत, आयनिसाबीबीची सून. आयनिसाबीबीला होसियतने सुगीच्या दिवसांत अंघोळ घातली होती.

"बऱ्या आहात ना, खाला?"

"कोण मेलं?" होसियतने विचारलं.

"कुणी नाही."

"मग चुकून आलात."

बशारतने मान खाली घातली. "सासूबाईंचा तो मखमली चापान. आठवण म्हणून घरात असावा, असं वाटलं."

"इतके दिवस नाही आली ती आठवण?"

"आठवण कसली डोंबलाची," मागून मुकर्रम म्हणाली. ही पोस्टात कामाला आणि जिभेला हाड नाही. "म्हाताऱ्या कपड्यांच्या शिवणीत नोटा शिवून ठेवायच्या, खाला. उद्या-परवा त्यांची रद्दी होईल. बघू द्या आम्हाला."

होसियतने आतल्या खोलीचं दार उघडलं. बाह्या हलल्या. बायका उंबऱ्यातच थबकल्या, मग एकमेकींना ढकलत आत गेल्या. बाहेर दिवस मावळत होता आणि खिडकीतून बर्फाचा निळसर उजेड येत होता. आपापली सासू, आपापली आई शोधून त्या कॉलर चाचपू लागल्या. बोटांनी गुंड्या काढल्या, बाही उचलून काखेत हात घातला, पाठ वळवून कंबर दाबून पाहिली, आणि काही कडक लागलं तिथे सोबत आणलेल्या कात्रीने शिवण उसवली. एक रिकामी बाही मुकर्रमच्या मानेवर पडली, तशी ती ओरडली नाही, नुसती थिजून उभी राहिली. होसियतने ती बाही अलगद उचलून बाजूला केली.

दारात टेकून ती बघत राहिली. हा हात उचलणं, ही पाठ वळवणं, घाई न करता दमाने गुंड्या काढणं, हे सगळं तिचंच काम होतं. फक्त कपड्यांच्या आत माणूस नव्हतं.

"झडले का हात कुणाचे?" ती म्हणाली.

कात्र्यांचा आवाज थांबला.

"जे सापडेल ते तुमचं. मला त्यातला कागद नको. पण माझे पैसे आज मेले. तेव्हा एक कबूल करा. मी गेले की तुमच्यातली एक येईल आणि मला अंघोळ घालेल."

"हो तर, खाला. म्हणजे काय. आम्ही नाही तर कोण?" बायका एका सुरात म्हणाल्या. सगळ्यांचं लक्ष बँकेच्या रांगेकडे होतं. हे 'हो' त्या नोटांइतकंच टिकणार हे होसियतला समजत होतं. एकटी बशारत काहीच बोलली नाही. सासूचा चापान छातीशी धरून, नजर चुकवून ती निघून गेली. होसियतला तेच जास्त लागलं.

त्या रात्रीपासून तिला ताप भरला. चूल पेटवायला कुणी नव्हतं. मुदत कधी संपली ते तिला कळलं नाही. शिवणी उसवलेले कपडे आत लोंबत होते आणि तापात तिला वाटे, की त्या साऱ्याजणी उतरून तिच्या अंथरुणाभोवती बसल्या आहेत. "सरक जरा," आयनिसाबीबी म्हणत होती. होसियत सरकली. मग थंडी वाजायची थांबली, आणि काहीच उरलं नाही.

जाग आली ती पापण्यांवर तळहात पडल्यामुळे.

"इन्ना लिल्लाह," मयतावर म्हणायचे शब्द बशारतच्या आवाजात आले. तिने होसियतच्या नाकाशी हात धरला, पण तो इतका कापत होता की त्याला श्वास काय कळणार. मग तिने रुमाल घेतला, हनुवटीखालून डोक्यावर नेला आणि जबडा बांधला. पाय सरळ केले. तिला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. लांबून कधी पाहिलं असेल तेवढंच.

"चापान परत द्यायला आले होते, खाला," ती रडत म्हणाली. "बँकेतला साहेब विचारतो, एवढ्या नोटा कुणाच्या? म्हटलं, सासूबाईंच्या. तर म्हणे, मग त्यांनाच पाठवा रांगेत." ती रडता रडता हसली. "त्या दिवशी मी बोलले नाही, कारण खोटं बोलायचं नव्हतं. मला भीती वाटते हो. आत्ताही वाटतेय. पण बाकीच्यांपैकी कुणी येणार नाही. मी ओळखते सगळ्यांना."

एक बोट हलवलं असतं तरी पुरे होतं. होसियतला ते कळत होतं. बिचारीला घाबरवणं पाप आहे हेही कळत होतं. पण बशारतचा हात तिच्या कपाळावर होता, केस मागे सारत होता. सासू गेल्यापासून तिच्या चेहऱ्याला दुसऱ्या माणसाचा हात लागला नव्हता. तो गरम होता.

बशारत उठली. बादली भरल्याचा आवाज आला, मग चूल पेटल्याचा. होसियत श्वास बारीक करून पडून राहिली. पाणी तापेपर्यंत सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं.

पाणी तापलं. बशारतने बाह्या वर सारल्या आणि बिस्मिल्ला म्हणत ती जवळ येऊन बसली. होसियतने श्वास आणखी बारीक केला आणि डोळे उघडले नाहीत.